गुन्ह्याची बातमी कोण शिकवणार?

दौंड-पुणे लोहमार्गावर यवत सोडले की केडगावच्या अलीकडे खुटबाव लागते. आजूबाजूला ऊस, गुऱ्हाळांचा धूर, उत्तरेला भीमा. पुणे पन्नासेक किलोमीटरवर, म्हणजे रोज जाऊन-येऊन शिकता येईल इतके जवळ. इथल्या एखाद्या मुलीने बारावीनंतर 'मला गुन्हेगारीचा अभ्यास करायचाय' असे जाहीर केले, तर घरातून हमखास विचारले जाईल, "म्हणजे पोलीस भरती का?" आणि ती 'गुन्हेगारी आणि मीडिया' म्हणाली, तर "म्हणजे क्राइम रिपोर्टर का?" प्रश्न अगदीच गैरलागू नाहीत. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. गुन्ह्याशी संबंध म्हणजे एक तर खाकी नाही तर कॅमेरा, असा समज या भागात सहज होतो.

अभ्यासाचा विषय मात्र या दोहोंच्या मध्ये आहे. घडलेला गुन्हा, ठाण्यात नोंदलेला गुन्हा आणि छापून आलेला गुन्हा या तीन वेगळ्या गोष्टी असतात, आणि त्यांच्यातले अंतर कुठे, का आणि कोणाच्या फायद्याचे पडते हे तपासायचे असते. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत गुन्हेशास्त्र आणि माध्यमे यांची जोडपदवी घेता येते. 'क्राइम, मीडिया, कल्चर' या नावाचे संशोधन नियतकालिक २००५ पासून निघते. आपल्याकडे हाच विषय प्रयोगशाळा, विधी महाविद्यालय आणि पत्रकारिता विभाग यांच्यात वाटला गेला आहे, आणि तिघांपैकी कोणालाही उरलेल्या दोघांचे फारसे पडलेले नाही.

आधी सोयींचा हिशेब. भारतात गुन्हेशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग सागर विद्यापीठात १९५९ मध्ये सुरू झाला, न्यायवैद्यक विज्ञानाला जोडूनच. मद्रास विद्यापीठात १९६५ मध्ये हा विषय आला. दिल्लीत १९७२ मध्ये केंद्र सरकारने गुन्हेशास्त्र व न्यायवैद्यक विज्ञानाची राष्ट्रीय संस्था काढली. ती आणि गुजरातचे न्यायवैद्यक विद्यापीठ मिळून २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ झाले. मुख्यालय गांधीनगर, एक परिसर गोव्यात. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) इथे शासकीय न्यायवैद्यक विज्ञान संस्था आहेत. एलएल.बी. करणाऱ्यांना गुन्हेशास्त्र व दंडशास्त्र हा विषय घेता येतो, पण बहुतेक जण तो शंभर गुणांचा पेपर म्हणून सोडवतात आणि विसरतात. पत्रकारितेसाठी पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचा रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग १९६४ पासून आहे. तिथून निघालेल्या बातमीदारांनी मराठी वृत्तपत्रे भरली, पण गुन्हे-वार्तांकन ते शिकले ते नोकरीत, एखाद्या मुरलेल्या क्राइम रिपोर्टरच्या मागे मागे आयुक्तालयाच्या पायऱ्या चढून.

या सगळ्यांत वेगळी वाट टाटा समाजविज्ञान संस्थेची, म्हणजे 'टिस'ची. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने गुन्हेगारीकडे समाजकार्याच्या बाजूने पाहिले. तिथले विद्यार्थी तुरुंगात, बालगृहात, न्यायालयाच्या आवारात क्षेत्रकार्य करतात. १९९० मध्ये सुरू झालेला 'प्रयास' हा त्यांचा प्रकल्प कच्च्या कैद्यांना कायदेशीर मदत आणि सुटकेनंतर आधार देण्याचे काम करतो. गुन्हेगार म्हणून बातमीत आलेला माणूस बातमीनंतर कुठे जातो, हा प्रश्न महाराष्ट्रात शिक्षण म्हणून विचारला गेला तो मुख्यतः इथे. पण जागा थोड्या, प्रवेश देशभरातून. दौंड-शिरूरकडच्या विद्यार्थ्यांपर्यंत या शाखेचे नाव पोचतच नाही. पोचते ते 'फॉरेन्सिक'.

फॉरेन्सिकच्या आकर्षणाला कारणे दोन. पहिले म्हणजे दूरचित्रवाणी. १९९८ पासून वीस वर्षे चाललेल्या 'सीआयडी' मालिकेत शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न बोटे फिरवत विचार करायचे आणि डॉक्टर साळुंखे परीक्षानळी हलवून खुनी सांगायचे. मराठी घरांत ही मंडळी नात्यातली झाली. त्याआधी बाबुराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी दोन पिढ्यांना गुन्हा ही चातुर्याची बाब आहे असे पटवले होते. मला अर्नाळकर आवडतात. पण त्यांच्या खुन्यांना सावकाराचे कर्ज नसते, बांधावरचा वाद नसतो, आणि प्रत्यक्षात यवत किंवा शिक्रापूर ठाण्याच्या गुन्हे नोंदवहीत तेच असते. दुसरे कारण खरेखुरे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. माणसे लागणार आहेत, हे खरे. मात्र हे शास्त्र 'कोणी केले' याचे उत्तर देते. 'का घडले' आणि 'आपल्याला ते असेच का सांगितले गेले' हे दोन प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाहीत.

आणि गंमत अशी की 'का घडले' या प्रश्नाचा जगप्रसिद्ध नमुना खुटबावच्या अंगणातच पडलेला आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला करून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते, आणि आजच्या दौंडचा बराचसा मुलूखही त्याच भीमथडीतला. पुढे शिरूर, इंदापूर, पुरंदर आणि अहमदनगर जिल्ह्यात हे लोण गेले; तीसहून अधिक गावे, सुमारे साडेनऊशे अटका, पाचशेच्या आसपास शिक्षा. जीवघेणी हिंसा तुरळकच झाली. सगळा रोख कागदांवर होता. सरकारने आयोग नेमला. आयोगाने गुन्हेगारांच्या डोक्याची मापे घेतली नाहीत, तर कर्जाचे आकडे, जमीनमहसूल, कापसाचे पडलेले भाव, दिवाणी न्यायालयांतले एकतर्फी निकाल हे सगळे गोळा केले. इटलीत लोंब्रोझोने कवट्या मोजून 'जन्मजात गुन्हेगारा'चे पुस्तक छापले ते १८७६ मध्ये. म्हणजे त्याच सुमारास भीमथडीत गुन्ह्याचे कारण समाजव्यवस्थेत शोधले जात होते.

इथे थांबले तर ती आयोगाची भाटगिरी होईल. आयोगाने दोष मुख्यतः सावकाराच्या माथी मारला आणि सरकारी महसुलाला जवळपास मोकळे सोडले. सरकारनेच नेमलेल्या आयोगाने सरकारला निर्दोष ठरवावे यात नवल नाही, पण तो अहवाल वाचताना विद्यार्थ्याला हे दिसले पाहिजे. पुढे १८७९ चा शेतकी कायदा याच निदानावर उभा राहिला. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७२ मध्ये, नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने उलटी शंका काढली: हे दंगे मुळात होते तेवढे मोठे होते का, की सरकारी कागद आणि इतिहासकार यांनी मिळून ते मोठे केले? त्याच्या लेखाच्या शीर्षकातच 'मिथक' हा शब्द आहे. सुप्याचा उठाव आज बारावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात आहे, आणि देशी वर्तमानपत्रांचे गुप्त साप्ताहिक गोषवारे काढून सरकार त्यांवर कशी नजर ठेवत होते तेही अभिलेखागारात वाचायला मिळते. घटना, अधिकृत कारण, वृत्तपत्रे आणि नंतरची शंका, असा पूर्ण संच. 'गुन्हेगारी आणि माध्यमे' शिकवायला याहून चांगला पहिला धडा मला तरी माहीत नाही, आणि तो शिकायला लंडनला जावे लागत नाही.

त्याच मुलखात, गुन्ह्याचे कारण समाजव्यवस्थेत शोधण्याच्या उलट, ते जमातीत शोधण्याची परंपराही रुजली. पुरंदरच्या भिवडीचे रामोशी बंडखोर उमाजी नाईक ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेले. त्यांच्या पाठलागावर असलेला कॅप्टन मॅकिन्टॉश याने पुढच्याच वर्षी रामोश्यांवर एक पुस्तक काढले: त्यांचे मूळ, चालीरीती, सांकेतिक भाषा, दरोड्याच्या पद्धती. निरीक्षणे तपशीलवार आहेत, पण सबंध जमात हाच तपासाचा विषय झालेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच दृष्टी कायदेशीर केली, १९११ मध्ये ती मुंबई इलाख्याला लागू झाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांच्या सवयीला नवे कलम मिळाले. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ मध्ये आले, ते या सवयीखाली वाढलेल्या घराचे आतून केलेले वर्णन आहे. गुन्हेशास्त्राच्या वर्गात ते सक्तीचे असायला हवे. सध्या ते मराठी साहित्याच्या वर्गात 'दलित व भटक्यांचे आत्मकथन' म्हणून शिकवले जाते आणि तिथेच राहते.

आजच्या तालुका आवृत्त्या काढून पाहा. दरोड्याच्या बातमीत संशयितांची जात फक्त काही जमातींच्या बाबतीतच शीर्षकात येते. दौंड-शिरूर पट्ट्यात पारध्यांच्या वस्त्या आहेत, आणि 'पारधी टोळी' हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका मुरला आहे की तो लिहिणाऱ्याला आपण काही वावगे लिहितोय असे वाटतच नाही. अन्य कोणत्याही जातीच्या चौघांनी मिळून घर फोडले, तर त्यांना त्यांच्या जातीची टोळी म्हणण्याचे धाडस कोणतेही संपादकीय टेबल करणार नाही. याचे उत्तरही पत्रकारितेतूनच आले, हे नमूद करायला हवे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये तुरुंगांतल्या जातीय कामवाटपावर शोधवृत्त लिहिले, नंतर स्वतःच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतल्या तशा तरतुदी रद्द ठरवल्या. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानणारी भाषाही त्यात गेली. गुन्हे-वार्तांकन पोलीस ठाण्याच्या दारातून आत, तुरुंगाच्या नियमावलीपर्यंत जाऊ शकते याचे हे उदाहरण.

पाश्चात्त्य सिद्धांतांचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण कोणत्याही पाठ्यपुस्तकात तो मिळतो. स्टॅन्ली कोहेनने १९७२ मध्ये दाखवले की इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या तरुणांच्या किरकोळ मारामाऱ्या वृत्तपत्रांनी कशा राष्ट्रीय संकट केल्या. स्टुअर्ट हॉल आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये रस्त्यावरच्या लुटीच्या बातम्यांवर तेच, अधिक राजकीय धार देऊन मांडले. इव्हॉन ज्यूक्सच्या २००४ च्या पुस्तकात कोणता गुन्हा बातमी होतो याचे निकष आहेत: बळी लहान मूल असणे, हिंसा, प्रसिद्ध व्यक्ती, जवळीक, दृश्य मिळणे.

हे सगळे पुण्याला लावायचे तर 'कोयता गँग' घ्यावी. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सिंहगड लॉ कॉलेजच्या परिसरात दोघे कोयते नाचवत लोकांना धमकावत असल्याची चित्रफीत राज्यभर फिरली. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात विषय गाजला. पोलिसांनी कोयतेवाल्यांना पकडणाऱ्या कर्मचाऱ्यांना बक्षिसे जाहीर केली; कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहून नोंद ठेवावी, अशा सूचना दुकानदारांना गेल्या. तेव्हापासून शहरात कुठेही कोयता निघाला की मथळा ठरलेला. प्रत्यक्षात एका म्होरक्याची, एका नावाची अशी टोळी नव्हती. निरनिराळ्या वस्त्यांतली, बरीचशी अल्पवयीन, एकमेकांशी संबंध नसलेली पोरे होती. हत्यार स्वस्त, सहज मिळणारे, आणि चित्रफितीत उठून दिसणारे. खुटबावात कोयता उसाच्या फडात असतो, तोडणीच्या हंगामात बीडहून आलेल्या प्रत्येक जोडीच्या हातात असतो, आणि त्याला कोणी आधार कार्ड मागत नाही.

कोहेनचे प्रारूप इथे चपखल बसते, आणि म्हणूनच सावध राहावे. ज्यांच्या डोक्यात कोयता बसला त्यांच्यासाठी ही कोहेनच्या शब्दांतली 'नैतिक घबराट' नव्हती. प्रश्न भीती खोटी होती का, हा नाही. एकच नाव मिळाल्यामुळे कोणते प्रश्न बुजले हा आहे: शाळा सुटलेली मुले, बालसुधार यंत्रणेची अवस्था, आणि त्या मुलांचे रिल. हो, रिल. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शहरातल्या गुंडांना आयुक्तालयात बोलावून ओळख परेड घेतली आणि समाजमाध्यमांवर दहशतीचे रिल टाकू नका अशी तंबी दिली. त्या परेडची दृश्येही अर्थातच रिल होऊन फिरली. आरोपी आणि पोलीस दोघेही आता स्वतःचे वार्तांकन स्वतः करतात. वृत्तपत्रातला बातमीदार बऱ्याचदा त्यांचा तिसरा प्रेक्षक असतो.

तालुक्यातल्या बातमीदाराची गोष्ट याहून साधी आणि कठीण. तो बहुधा पगारी नसतो. जाहिराती आणणे, वर्धापनदिनाची पुरवणी भरणे ही त्याची कामे, आणि बातमी ही त्यातून वेळ काढून. गुन्ह्याची बातमी त्याला ठाण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रेस नोट म्हणून मिळते. तिच्यात फिर्यादीचा मजकूर असतो, कलमे असतात, आणि शेवटी कोणाच्या मार्गदर्शनाखाली कोणी कामगिरी केली त्या अधिकाऱ्यांची लांबलचक यादी. नोट तशीच छापली जाते. ती तपासायची म्हणजे ज्या ठाण्यातून उद्याची बातमी यायची आहे त्यांना नाराज करायचे. आणि स्थानिक हितसंबंधांविरुद्ध लिहायचे म्हणजे काय, ते राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांच्या फेब्रुवारी २०२३ मधल्या हत्येने दाखवले. महाराष्ट्रात पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. तो असूनही गावपातळीवरचा बातमीदार एकटाच असतो.

जानेवारी २०२३ मध्ये दौंड तालुक्यातल्या पारगावजवळ भीमेच्या पात्रात काही दिवसांच्या अंतराने एकाच कुटुंबातले सात मृतदेह सापडले, त्यांत तीन लहान मुले. पहिले काही दिवस सामूहिक आत्महत्येची बातमी चालली. कारणही तयार होते: मुलाने एका विवाहितेला पळवून नेल्याची बदनामी. मग पोलिसांनी जवळच्या नातेवाइकांना अटक केली आणि सूडातून झालेली हत्या असा गुन्हा दाखल झाला. कुटुंब मजुरी करून पोट भरणारे, मराठवाड्यातून आलेले. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यातल्या बातम्या शेजारी ठेवून वाचल्या की लक्षात येते ते असे: पहिली गोष्ट चुकली हा दोष फार मोठा नाही, तपास सुरू असताना पोलिसांनाही ती तशीच दिसत होती. पण 'बदनामीमुळे जीव दिला' हे कारण इतक्या सहज सर्वांना का पटले? गरीब, भटके, बाहेरगावचे कुटुंब आणि बाई पळवल्याची गोष्ट, एवढ्यावर सात जणांच्या मरणाचा खुलासा पुरेसा वाटला. ही बातमीदाराची व्यक्तिगत चूक म्हणून सोडता येत नाही, ती आपल्या सगळ्यांच्या मनातल्या तयार कथांची आहे.

खैरलांजीचे याहून भीषण होते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. आई, मुलगी, दोन मुलगे. सुरुवातीच्या बातम्या अगदी छोट्या, त्यांतही अनैतिक संबंधांची कुजबुज. राज्यातल्या आणि देशातल्या मोठ्या वृत्तपत्रांना ते जातीय हत्याकांड असल्याचे समजायला जवळजवळ महिना लागला, आणि तेही दलित संघटना रस्त्यावर उतरल्यावर. आनंद तेलतुंबडे यांच्या २००८ च्या पुस्तकात या उशिराची चिरफाड आहे. दहा वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका मराठा मुलीवर झालेल्या बलात्कार-हत्येची बातमी काही दिवसांतच राज्यभर पोचली आणि लाखोंचे मोर्चे निघाले. दोन्ही ठिकाणी क्रौर्य होते. बातमी पोचण्याच्या वेगातला फरक क्रौर्याने ठरला नाही.

खटल्यांवर वृत्तपत्रांचा परिणाम हा धडा मराठी वाचकाला नानावटी प्रकरणाने आधीच शिकवला आहे. १९५९ मध्ये रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ'ने खुनाचा आरोप असलेल्या नौदलाच्या कमांडर नानावटींची बाजू उघडपणे लढवली, ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. (हा देशातला शेवटचा ज्युरी खटला होता असे जे सांगतात, ते मात्र बरोबर नाही.) आज ज्युरी नाही, पण पत्रकार परिषद आहे. शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमात १ जानेवारी २०१८ रोजी हिंसाचार झाला. त्यातून वाढलेल्या एल्गार परिषद प्रकरणात ३१ ऑगस्ट २०१८ रोजी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी पत्रकारांसमोर कथित पत्रे वाचून दाखवली, तपास चालू असताना. काही दिवसांतच मुंबई उच्च न्यायालयाने हे कसे चालते असे विचारले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या अल्पमताच्या निकालात पोलिसांच्या या वागण्यावर ताशेरे ओढले. पुढे सुशांतसिंह राजपूत प्रकरणी १८ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वाहिन्यांसाठी मर्यादा आखून दिल्या: साक्षीदारांच्या मुलाखती, कबुलीजबाब छापणे, घटनेची नाट्यरूपांतरे टाळा. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच उभ्या राहिलेल्या, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या प्रकरणात, पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची नियमावली तयार करायला केंद्राला सांगितले. पत्रकारितेच्या विद्यार्थ्याला यातले किती माहीत असते? आचारसंहितेच्या एका तासात सगळे उरकते.

ओळख उघड करण्याचे नियम तर परीक्षेपुरतेही पाठ नसतात. बलात्कार पीडितेची ओळख छापणे गुन्हा ठरवणारी तरतूद मथुरा बलात्कार प्रकरणानंतरच्या १९८३ च्या दुरुस्तीने आली, आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सोचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४. तरीही 'अमुक गावातील तमुक दुकानदाराची इयत्ता आठवीतली मुलगी' असे छापून येते. शहरात नाव गाळले की ओळख लपते. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात गाव आणि वडिलांचा धंदा सांगितला की नाव सांगितल्यासारखेच. कायद्याचे पुस्तक शहर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले आहे, बातमीदाराने ते गावाच्या मापाने वाचावे लागते.

कल्याणीनगरचा पोर्शे अपघात, १९ मे २०२४, हा बाल न्याय कायद्याचा दुसरा पैलू. दोन तरुण अभियंते मेले, अल्पवयीन चालकाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, आणि देश खवळला. त्या संतापामुळेच रक्ताचे नमुने बदलल्याचा प्रकार बाहेर काढण्याचा दबाव राहिला, हे श्रेय माध्यमांचे. त्याच संतापात त्या मुलाच्या नावाने एक खोटे रॅप गाणे फिरले, जामीन मिळालेल्या मुलाला पुन्हा निरीक्षणगृहात ठेवले गेले, आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने ते ठेवणे बेकायदा ठरवून त्याला सोडले. दोन्ही बाजू एकाच वर्गात, एकाच तासात शिकवता आल्या पाहिजेत. मला भीती अशी की फॉरेन्सिकचा वर्ग रक्ताच्या नमुन्यांवर थांबेल, कायद्याचा वर्ग जामिनावर आणि पत्रकारितेचा वर्ग टीआरपीवर.

१ ऑगस्ट २०२५ रोजी यवतमध्ये समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली, जमावबंदी लागली. खुटबावपासून पुढच्याच स्टेशनवरची घटना. यात वृत्तपत्र नंतर आले. आधी फोन, मग जमाव, मग पोलीस, शेवटी बातमी. कोहेनच्या काळातला क्रम इथे उलटा झाला आहे, आणि त्याचे सिद्धांत जसेच्या तसे उचलून चालणार नाही. या विषयावर नवे लिहायला इथेच वाव आहे, आणि ते ज्यांच्या मोबाइलवर ती पोस्ट आली होती त्या वयाच्या मुलांनी लिहिलेले बरे.

आकड्यांबद्दलही थोडे, कारण बातमीत ते शस्त्रासारखे वापरले जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर त्यात सर्वांत गंभीर एकच मोजला जातो. बलात्कार करून खून झाला तर तो खुनाच्या रकान्यात. शिवाय आकडा वाढला म्हणजे गुन्हे वाढले की तक्रार नोंदवून घेणे वाढले, हे अहवाल सांगत नाही. 'पुणे ग्रामीणमध्ये गुन्हे वाढले' असा मथळा लिहिणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे.

अशी जोडपदवी आपल्याकडे येईतोवर काय करता येईल? खुटबाव-केडगावकडच्या विद्यार्थ्याला तिची वाट पाहायची गरज नाही. दौंड, केडगाव किंवा शिरूरच्या महाविद्यालयात समाजशास्त्र, राज्यशास्त्र वा मराठी घेऊन पदवी करावी, पुढे टिसची समाजकार्य शाखा, कायदा किंवा रानडे यांपैकी एक निवडावी आणि दुसऱ्याचे वाचन स्वतः करावे. साहित्य फुकट आहे. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात, लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील प्रकार वगळून. खटल्यांच्या तारखा आणि निकाल ई-कोर्ट्सवर दिसतात. तालुका आवृत्त्या गावच्या वाचनालयात किंवा चहाच्या टपरीवर मिळतात. एका वर्षात यवत ठाण्याच्या हद्दीतल्या ज्या अटकेच्या बातम्या छापल्या गेल्या त्यांची यादी करायची, प्रत्येकीचा एफआयआर काढायचा, प्रकरण दौंडच्या न्यायालयात किंवा पुढे सत्र न्यायालयात कुठवर गेले ते पाहायचे, आणि आरोपी सुटला असेल तर ती बातमी आली का, किती रकान्यांत, कोणत्या पानावर, हे लिहून काढायचे. पदव्युत्तर प्रबंधाला हे पुरेसे आहे, आणि त्यासाठी लागणारा मार्गदर्शक कायद्याचा असो की पत्रकारितेचा, त्याला दुसऱ्या विभागाच्या प्राध्यापकाला फोन करावाच लागेल.